साबण ओढला जात नाही, ढकलला जातो

भातलावणीच्या दिवसांत शहापूर-मुरबाडकडच्या वॉशिंग सेंटरांवर चिखलाने माखलेल्या गाड्या येत राहतात आणि नेमकी तेव्हाच एक तक्रार ऐकू येते: प्रेशर वॉशरचं पाणी जोरात येतंय, पण साबण येत नाही. संशय लगेच पंपावर जातो. बहुतेकदा पंप निर्दोष असतो.

कारण अशा बऱ्याच मशीनमध्ये साबणासाठी वेगळा पंप नसतोच. पाण्याची वाट एका जागी अरुंद केलेली असते. तिथे पाण्याचा वेग वाढतो आणि दाब घटतो. इटलीच्या जोव्हानी व्हेंच्युरी यांनी १७९७ मध्ये या परिणामाचं वर्णन केलं. ठिबकमधून विद्राव्य खत सोडणाऱ्या शेतकऱ्यांच्या ओळखीची ‘व्हेंच्युरी’ ती हीच. अरुंद जागेतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी झाला, की डब्यातल्या साबणावर दाब देणारी हवा त्याला नळीतून वर ढकलते.

मेख इथेच आहे. मशीन १०० बारचं असो वा १५० बारचं, साबणाला ढकलणारा जोर हवेचाच. म्हणजे फार तर १ बार. एवढ्याशा जोराला किरकोळ अडथळाही भारी पडतो.

आधी नोझल पाहा. बारीक छिद्राच्या नोझलमागे पाणी तुंबतं, अरुंद जागेतला दाब उतरतच नाही. साबणासाठी मोठ्या छिद्राचं, बहुधा काळ्या रंगाचं नोझल लागतं. मग नळी: ती चिरलेली किंवा सैल असेल, तर साबणाऐवजी हवाच आत शिरते. तिच्या टोकाची जाळीही धुऊन घ्या.

तरीही अडलंच, तर छर्रा तपासा. पाणी उलटं साबणाच्या डब्यात जाऊ नये म्हणून स्प्रिंगवर एक छोटा छर्रा बसवलेला असतो. साबण वाळला की तो जागीच चिकटतो. मशीन बंद करून, गन दाबून उरलेला दाब सोडा. छर्ऱ्याचा भाग कोमट पाण्यात भिजवा आणि बोथट काडीने छर्रा हलकेच मोकळा करा. बोअरचं पाणी जड असेल, तर साध्या साबणाचा साका धरतो. तिथे गाडीचा शाम्पू बरा.

हे सगळं टाळायचं, तर काम संपल्यावर साबणाची नळी स्वच्छ पाण्यात बुडवून मिनिटभर गन चालवा. ही पाण्याची उधळपट्टी वाटेल, कारण भातसा आणि तानसा धरणं ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्याच कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पण साबणाने चिखल आधी सैल झाला, तर गाडीवर मारायचं पाणी वाचतं. त्या मानाने हे मिनिटभराचं पाणी काहीच नाही.