अलिबागची वेधशाळा आणि आकाशातली किलबिल



अलिबाग म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांना नवगाव आठवते, नारळाची झाडे आठवतात. पण तिथे पृथ्वीचे चुंबकत्व मोजणारी एक वेधशाळाही आहे. ती मूळची मुंबईतल्या कुलाब्याची. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या यायच्या ठरल्या तेव्हा तिचे संचालक डॉ. नानाभाई मूस यांना काळजी पडली. ट्रामच्या विजेमुळे आजूबाजूला चुंबकत्व तयार होते आणि नाजूक उपकरणे खोटे आकडे दाखवू लागतात. म्हणून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. बांधकामात लोखंड टाळले. एम.आर.आय.च्या खोलीत जाताना आपले घड्याळ, चाव्या काढून घेतात ना? थोडे तसेच.

हे सांगायचे कारण, हीच अडचण पुढे आकाशात आली.

१९५८ च्या जानेवारी अखेरीस अमेरिकेने आपला पहिला उपग्रह, एक्सप्लोरर-१, सोडला. त्यावर आयोवा विद्यापीठाचे जेम्स व्हॅन ॲलन यांनी किरणोत्सर्ग मोजायचे यंत्र बसवले होते. फार उंचावर गेले की यंत्र गप्प होई, काहीच मोजेना. आम्हा नर्सबायांना ही गोष्ट लगेच पटेल. मॉनिटरवर सरळ रेघ आली तर आधी वायर तपासायची, मग घाबरायचे. इथे तर यंत्रावर किरणांचा इतका मारा होत होता की ते बिचारे गुदमरून बंद पडत होते! पृथ्वीभोवती वेगवान कणांची दोन मोठी कडी आहेत हे असे कळले. त्यांना व्हॅन ॲलन पट्टे म्हणतात.

बाहेरच्या पट्ट्यातले काही इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावतात. ते उपग्रहाच्या आत शिरून साठतात, आणि मग एखाद्या दिवशी आत ठिणगी पडते. जानेवारी १९९४ मध्ये कॅनडाचे अनिक ई-१ आणि ई-२ हे दोन उपग्रह एका दिवसाच्या आत असे बिघडले. टी.व्ही., टेलिफोन बंद. दुसऱ्याला ताळ्यावर आणायला कित्येक महिने गेले.

या इलेक्ट्रॉनांना एवढा वेग देतो कोण? संशय होता लहरींवर. तिथल्या विद्युतभारित विरळ वायूला प्लाझ्मा म्हणतात, आणि त्यात चुंबकीय लहरी उठतात. त्यांचे चुंबकत्व, जमिनीवर होकायंत्राची सुई फिरवते त्याच्या लाखाव्या भागाहूनही कमी. ते पकडायचे कसे?

उपकरण म्हणाल तर अगदी साधे. चटकन चुंबकत्व घेणाऱ्या मिश्रधातूची एक दांडी आणि तिच्याभोवती बारीक तारेचे हजारो वेढे. लहर आली की दांडीतले चुंबकत्व हलते आणि तारेत किंचित वीज उठते. फॅरडेने १८३१ साली दाखवलेला हा नियम आम्ही शाळेत घोकला होता! चुंबकत्व स्थिर असेल तर मात्र ही गुंडाळी मुकी राहते. त्याच्यासाठी दुसरे यंत्र लागते. अशा तीन गुंडाळ्या तीन दिशांना लावल्या की लहर कुठून आली तेही समजते.

ऑगस्ट २०१२ मध्ये अमेरिकेने व्हॅन ॲलन यांच्याच पट्ट्यांत दोन जुळे उपग्रह पाठवले. त्यांच्या अंगात पण वीज खेळते, म्हणजे मुंबईच्या ट्रामचाच त्रास. मग काय केले? गुंडाळ्या उपग्रहापासून तीन मीटर लांब दांड्याच्या टोकाला बांधल्या. मूससाहेबांनी अलिबाग गाठले तसेच हे!

त्याच वर्षी ऑक्टोबरात सूर्याकडून आलेले चुंबकीय वादळ झाले. काही तासांत बाहेरच्या पट्ट्यातले वेगवान इलेक्ट्रॉन सुमारे हजारपटीने वाढले, आणि तेव्हाच गुंडाळ्यांनी ‘कोरस’ नावाच्या लहरी जोरात टिपल्या. झोपाळ्याला योग्य वेळी धक्का द्यावा तशा या लहरी इलेक्ट्रॉनला वेग देतात. हे २०१३ साली प्रसिद्ध झाले. गंमत म्हणजे याच लहरी काही इलेक्ट्रॉनांना वाट चुकवून खाली हवेत पाडतात. जपानच्या अरासे उपग्रहाने २०१७ मध्ये वरून हे टिपले, तेव्हा खाली कॅनडाच्या आकाशात ध्रुवीय प्रकाश लुकलुकत होता.

जुळे उपग्रह इंधन संपल्यावर २०१९ मध्ये बंद केले. नेमले होते दोन वर्षांसाठी, राबले सात वर्षे!

बाळांनो, आता तुमचे काम. या लहरींची कंपने आपल्या कानाला ऐकू येतील एवढीच असतात. म्हणून गुंडाळीतली वीज सरळ स्पीकरला दिली की आवाज येतो. कोरस म्हणजे पहाटे झाडावर शेकडो पाखरांची किलबिल. आयोवा विद्यापीठाने असे आवाज सर्वांसाठी ठेवले आहेत. कॉम्प्युटरवर शोधा आणि आजीला ऐकवा. आवाज जरा मोठा ठेवा हां, आमचे कान आता पूर्वीचे राहिले नाहीत.