दुकानाची किल्ली आणि संगणकाचा पासवर्ड

शेंदुरसनी हे यवतमाळ जिल्ह्याच्या आर्णी तालुक्यातील सुमारे दीड हजार वस्तीचे गाव. २०२५ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत तेथील ग्रामपंचायतीच्या नावे सत्तावीस हजारांहून अधिक जन्मांची नोंद झाली! गावात इतकी बाळे जन्मली नव्हती, हे सांगायला नकोच. डिसेंबरमध्ये हा प्रकार उघडकीस आला आणि नोंदणीच्या आयडीचा गैरवापर झाल्याबद्दल फौजदारी गुन्हा दाखल झाला.

हे प्रकरण सरकारी नोंदींचे असले, तरी वणी, पुसद वा दारव्ह्याच्या बाजारपेठेत दुकान चालविणाऱ्या बंधू-भगिनींनी ते आपलेच समजून वाचावे. आयडी आणि पासवर्ड म्हणजे संगणकाच्या लेखी आपला सहीशिक्का. तो कोणाच्या हातून उमटला, हे यंत्र पाहत नाही. उमटला एवढेच त्याला पुरते.

आपल्याकडे हा शिक्का फार सहज दुसऱ्याच्या हाती दिला जातो. जीएसटीची नोंदणी करताना मोबाइल क्रमांक आणि ईमेल सल्लागाराचाच दिलेला असतो, पासवर्डही त्यालाच ठाऊक असतो. सल्लागार प्रामाणिक असेलही. परंतु त्याच्याकडील मुलगा नोकरी सोडून गेला, वा त्याचा संगणक बिघडला, तर आपल्या नावाने काय भरले गेले हे आपल्याला कळण्याचा मार्गच उरत नाही. नोंदणीतला क्रमांक आपला स्वतःचा असावा. नोकर बदलला की गल्ल्याचे कुलूप बदलणारा दुकानदार पासवर्ड मात्र वर्षानुवर्षे तोच ठेवतो, हे नवलच म्हणावे लागेल. बँकेचा पासवर्ड इतर कोठेही वापरू नये, आणि ओटीपी दूरध्वनीवर कोणालाही सांगू नये, मग बोलणारा स्वतःला बँकेचा अधिकारी म्हणवो की पोलीस.

यूपीआयविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. ही पद्धत २०१६ साली सुरू झाली आणि आज पानटपरीपासून कृषी सेवा केंद्रापर्यंत सर्वत्र पोहोचली आहे. तिचा मूळ नियम एकच: पिन लागतो तो पैसे देण्यासाठी. पैसे घेण्यासाठी पिनही लागत नाही, आणि कोणी पाठविलेला कोड आपण स्कॅनही करावा लागत नाही. मोठी ऑर्डर देतो असे सांगून, “आगाऊ रक्कम पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका” म्हणणारा ग्राहक आपल्याच खात्यातून पैसे काढून घेत असतो. अशा फसवणुकीस वाव देणारी, समोरच्या व्यक्तीकडे पैशांची मागणी पाठविण्याची सोय व्यक्ती-व्यक्तींमधील व्यवहारांत १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. कोडची युक्ती मात्र अजून चालते.

दुसरी गोष्ट भिंतीवरच्या क्यूआर कोडची. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील खजुराहो येथे भामट्यांनी रात्रीतून दुकानांच्या कोडवर आपले कोड चिकटविले होते. दुकान उघडताना कोड एकदा स्कॅन करून आपलेच नाव येते का ते पाहावे. ग्राहकाने दाखविलेल्या मोबाइलच्या पडद्यावर विसंबू नये. तसे खोटे चित्र दाखविणारी अॅपही निघाली आहेत. आपल्या खात्यात रक्कम आली, तरच माल द्यावा. कापसाच्या हंगामात गिऱ्हाईकांची गर्दी असते, नेमकी तेव्हाच ही शिस्त सुटते.

व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका म्हणून येणारी, नावाच्या शेवटी ‘एपीके’ असलेली फाइल पत्रिका नसून अॅप असते. ते बसविले, तर आपले संदेश, अर्थातच ओटीपीही, परक्याच्या हाती जाऊ शकतात.

उधारीचे व साठ्याचे हिशेब संगणकावर असतील, तर त्यांची प्रत आठवड्यातून एकदा वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्यावी आणि तो काढून कपाटात ठेवावा. संगणकाला लावलेलाच राहिला, तर विषाणू त्यालाही गाठतो. जून २०१७ मध्ये अशाच विषाणूने मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प केले होते. विंडोज १० ला मिळणारा नियमित सुरक्षा-आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हेही जुना संगणक वापरणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

इतके करूनही पैसे गेलेच, तर लाजेने गप्प बसू नये. तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे व आपल्या बँकेलाही सांगावे. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असते. ती काढून घेतली जाण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तर वाटेतच गोठविता येते. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि आलेले संदेश जपून ठेवावेत, मोबाइलमधून काहीही पुसू नये. भामट्याला परत फोन करून जाब विचारण्यात जो अर्धा तास जातो, तेवढ्यात पैसे दुसऱ्या राज्यात पोहोचलेले असतात.