सलाईनचे थेंब, सिरपचे मिली : नर्सिंगच्या मुली पहिल्या वर्षी गणितात का अडकतात?

बारावीला कला शाखा होती, दहावीनंतर गणिताचं पुस्तक उघडलंच नाही, अशा कितीतरी मुली तालुक्यातून एएनएम-जीएनएमला जातात. इंजेक्शन, ड्रेसिंग, रुग्णसेवा याची मनाची तयारी असते. पण पहिल्याच वर्षी समोर येतो तो भागाकार आणि दशांश चिन्ह. मुलगी घरी फोन करून म्हणते, "आई, इथं पण गणितच आहे!"

गणित तसं सातवीच्या पुढचं नाही. डॉक्टरांनी सांगितलेला डोस भागिले बाटलीतल्या औषधाची ताकद, गुणिले ते औषध जितक्या मिलीत आहे तो आकडा. सूत्र एवढंच. घोळ होतो तो बाटली बदलल्यावर.

तापाचं पॅरासिटामॉल घ्या. १२ किलोच्या मुलाला किलोमागे १५ मिलीग्रॅमप्रमाणे १८० मिलीग्रॅम लागतं. सिरपवर '५ मिलीत १२५ मिलीग्रॅम' लिहिलं असेल, तर १८० भागिले १२५ गुणिले ५, म्हणजे ७.२ मिली. तेच सिरप '५ मिलीत २५० मिलीग्रॅम' असेल, तर निम्मं, ३.६ मिली. आणि तान्ह्या बाळांसाठीचे ड्रॉप्स असतील, तर त्यात १ मिलीतच १०० मिलीग्रॅम असतं, म्हणजे फक्त १.८ मिली. आता कुणी सिरपच्या मापानं ७.२ मिली ड्रॉप्स पाजले, तर पोटात ७२० मिलीग्रॅम जातं. चौपट! जास्त पॅरासिटामॉलचा मार बसतो लिव्हरवर, आणि सुरुवातीला पोर बरं दिसतं, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून घरीही "मागच्या वेळी एवढंच दिलं होतं" हा हिशोब धरू नये. बाटली नवी आणली की लेबल पुन्हा वाचायचं. माप बाटलीसोबतच्या टोपणानं किंवा ड्रॉपरनं घ्यायचं, स्वयंपाकघरातला चमचा लहान-मोठा असतो. दोन डोसमध्ये ४ ते ६ तासांचं अंतर हवं आणि २४ तासांत ४ पेक्षा जास्त वेळा नको. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरचं औषध नकोच, थेट दवाखाना.

वर्गात आणखी एक सवय लावली जाते. अर्धा लिहायचा तर '०.५' लिहायचं, नुसतं '.५' नाही. टिंब पुसट झालं की त्याचे ५ होतात. उलट पाच लिहायचे तर '५' लिहायचे, '५.०' नाही, कारण तिथं टिंब दिसलं नाही तर ५० वाचलं जातं. एका टिंबानं दहापट फरक. परीक्षेत तेवढ्यानं दोन मार्क जातात, वॉर्डात मात्र मार्कांवर भागत नाही. उत्तर एका वेळी पाच-सहा गोळ्या किंवा चार-पाच बाटल्या असं आलं, तर आधी थांबायचं आणि गणित पुन्हा करायचं, हेही तिथंच शिकवतात.

मग सलाईन. ५०० मिली ४ तासांत द्यायचं आहे आणि नळीतून २० थेंबांचा १ मिली होतो. ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब. ४ तास म्हणजे २४० मिनिटं. भागाकार केला की मिनिटाला साधारण ४२ थेंब. सिस्टर घड्याळ धरून नळीकडे बघत उभी असते, ती हेच मोजत असते. लहान मुलांसाठी ६० थेंबांना १ मिली देणारी बारीक नळी असते, तिथं हिशोब वेगळा.

आणि आपल्याकडे काय होतं? "शेवटची एसटी चुकेल" म्हणून नातेवाईक स्वतःच चाक फिरवून सलाईन जोरात सोडतात. हृदयाच्या किंवा किडनीच्या पेशंटला एवढं पाणी एकदम झेपत नाही, ते फुप्फुसात साठून दम लागतो. चाकाला हात लावण्यापेक्षा सिस्टरला हाक मारलेली बरी.

इन्सुलिन घेणाऱ्यांच्या घरात तर हे गणित रोजचंच. काही बाटल्यांत १ मिलीत ४० युनिट असतात, काहींत १००. सिरिंजही त्याप्रमाणे दोन तऱ्हेच्या : ४० वाल्या बाटलीला लाल टोपणाची, १०० वालीला केशरी टोपणाची. १०० वालं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर अर्धा मिली होतं, म्हणजे २० ऐवजी ५० युनिट. साखर एकदम खाली येऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. मेडिकलमध्ये नुसतं "सुई द्या" म्हणू नये. रिकामी बाटली सोबत न्यावी आणि तिच्यावरचा आकडा दुकानदाराला दाखवून सिरिंज घ्यावी.