कारखान्याचे गिऱ्हाईक आणि समाजमाध्यमे

साबण विकणे वेगळे आणि पंप विकणे वेगळे. कारखान्यासाठी पंप घ्यायचा तर अभियंता त्याची क्षमता तपासतो, फोरमन सुट्या भागांची चौकशी करतो, खरेदी अधिकारी दर पाहतो आणि हिशेबनीस उधारीची मुदत. निर्णयास महिने लागतात. अशा गिऱ्हाइकापुढे ढोल बडवून काय उपयोग? त्याला हवा असतो भरवसा.

ही जाण आपल्याकडे जुनीच आहे. १९२० साली निघालेले 'किर्लोस्कर खबर' हे मुळात कारखान्याचेच पत्र होते. आज तेच काम समाजमाध्यमे करू शकतात. डेन्मार्कची मर्स्क ही मालवाहू जहाजांची कंपनी २०११ मध्ये या माध्यमांत उतरली. पुढल्याच वर्षी तिच्या एका जहाजाची धडक देवमाशाला बसली. कंपनीने ते लपविले नाही. उलट छायाचित्रे स्वतःच मांडली. आपला अपघात न झाकणारा माणूस मालाविषयीही खरे बोलेल, असे व्यापाऱ्यास वाटणारच.

आमच्या भोसरीतला लहान कारखानदार पुष्कळदा एकाच बड्या गिऱ्हाइकावर जगतो. ते सुटले की लेथ थंडावतो. नवे गिऱ्हाईक शोधायला त्याच्यापाशी फिरते विक्रेते नसतात. पण आपले काम किती नेमके होते, हे तो दोन मिनिटांच्या चित्रफितीत दाखवू शकतो. मात्र त्याने पसंतीचे अंगठे मोजीत बसू नये. शंभर अंगठ्यांहून एका अभियंत्याचा प्रश्न मोलाचा. त्याला त्याच दिवशी खरे उत्तर द्यावे; विक्रीचा आरंभ तेथेच होतो, असे आम्हांस वाटते.