जपानमधला आमचा संसार

जपानमध्ये राहतो म्हटलं की गावाकडची माणसं पहिला प्रश्न खाण्याचा करतात आणि दुसरा नमाजचा. तिसरा प्रश्न आम्हाला स्वतःला सगळ्यात जड गेला, पण तो अजून कोणी विचारलेला नाही. तिथे मय्यत झाली तर दफन कुठे? त्याच्याकडे येऊच, पण आधी रोजचं जगणं सांगायला हवं. त्याशिवाय हा प्रश्न आमच्या घरात कसा शिरला ते कळायचं नाही.

आम्ही दोघं मूळचे दापोलीकडचे. गेली नऊ वर्षं टोकियोच्या पूर्वेला, एदोगावा भागात राहतो. सन २००० च्या आसपास संगणकाच्या कामासाठी भारतीय मंडळी इथे येऊ लागली आणि निशी-कासाई स्टेशनच्या आसपास स्थिरावली. इथूनच २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ वॉर्डच्या सभागृहावर निवडून आले. संध्याकाळी स्टेशनबाहेर उभं राहिलं तर कधी तमिळ, कधी तेलुगू आणि मधूनच मराठी कानावर पडते.

घर मिळायला मात्र वेळ लागला. दलाल आमच्यासमोरच एकेका घरमालकाला फोन लावायचा, 'गाइकोकुजिन', म्हणजे परदेशी, असा शब्द उच्चारायचा आणि फोनवरच मान झुकवून माफी मागत रिसीव्हर ठेवायचा. आडनाव ऐकून घर नाकारलं जाण्याची सवय आम्हाला पुण्या-मुंबईतच झाली होती, त्यामुळे अपमान फारसा वाटला नाही. इथे मुसलमान म्हणून कोणी नाही म्हटलं नाही. मुसलमान म्हणजे काय, हेच बहुतेकांना ठाऊक नव्हतं. शेवटी एक घरमालक राजी झाला. अनामत रक्कम, जामीन राहणाऱ्या कंपनीची फी आणि वर 'रेइकिन' असे पैसे मोजले. रेइकिन म्हणजे घरमालकाने घर दिलं म्हणून त्याला आभारादाखल द्यायची रक्कम. ती परत मिळत नाही. आपल्याकडच्या पागडीची ही जरा शिष्टाचारी बहीण म्हणायची.

घर मिळाल्यावर चौदा दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवायचा. तिथेच सरकारी आरोग्य विम्यात नाव घातलं जातं. मग दवाखान्याच्या बिलातले तीस टक्के आपण भरायचे, उरलेले विमा भरतो. हे सगळं दोन तासांत झालं. कचऱ्याचे नियम शिकायला मात्र सहा महिने लागले. जळणारा कचरा कोणत्या वारी, बाटल्या कोणत्या वारी, बाटलीचं झाकण आणि वरचा कागद काढून वेगळा. कावळ्यांनी पिशव्या फाडू नयेत म्हणून वर जाळी टाकायची. हे आम्हाला शेजारच्या आजींनी शिकवलं. आमची चुकीच्या वारी ठेवलेली पिशवी त्या न बोलता आमच्या दारात आणून ठेवत आणि बाजूला कॅलेंडर. रस्त्यावर कचराकुंडी शोधून सापडत नाही. १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायूचा हल्ला झाला, त्यानंतर बहुतेक कुंड्या काढून टाकल्या. केळ्याचं साल खिशात घालून घरी आणायची सवय लागली आहे.

आता खाण्याचं. पहिल्या महिन्यात आम्ही शाळकरी पोरांसारखी जपानी अक्षरं घोकली आणि सुरुवात केली ती डुक्कर, दारू आणि जिलेटिन या शब्दांपासून. इथे सोयाबीनच्या सॉसमध्ये अल्कोहोल मिसळलेलं असू शकतं, भाजीच्या रश्शात 'मिरिन' नावाची गोड दारू असते, पावात डुकराची चरबी असू शकते. दुकानदार मुद्दाम फसवत नाही. त्याला विचारलं तर तो मनापासून सांगतो, "यात मांस नाही", आणि त्याच्या मते दोन चमचे मिरिन ही काही सांगण्याजोगी गोष्टच नसते. म्हणून विचारण्यापेक्षा वाचणं बरं. हलाल गोश्त शिन-ओकुबोच्या गल्लीत मिळतं. बांगलादेशी, पाकिस्तानी, नेपाळी दुकानं, ब्राझीलहून आलेली गोठवलेली कोंबडी, मसूर, बासमती, शान मसाला. पण आमचं पोट खरं भरलं ते मासळीवर. इथली 'साबा' म्हणजे आपल्या बांगड्याचीच चुलत बहीण. तिला कोकम-तिरफळ लावलं की टोकियो कुठे आणि दापोली कुठे, कळत नाही. मासळीला जबिहाचा प्रश्न नाही, ही अल्लाहची केवढी मेहरबानी आहे हे समुद्राकाठी वाढलेल्या आम्हाला इथे येऊन उमगलं.

एक गोष्ट मात्र जपानने अशी सोपी केली आहे की दुसऱ्या श्रीमंत देशांत राहणाऱ्या आमच्या नातेवाइकांना ऐकून हेवा वाटतो. इथे स्टेशनपासून दुकानापर्यंत बहुतेक ठिकाणच्या संडासात पाण्याची सोय असते, आणि तीही कोमट पाण्याची. प्रवासात लोटा नाही की बाटली नाही. वजूचं तितकं सोपं नाही. सार्वजनिक बेसिनमध्ये पाय धुताना कोणी आलं की त्याच्या चेहऱ्यावर भीती उमटते, म्हणून शक्यतो घरूनच वजू करून निघतो.

किब्ला गावासारखाच पश्चिमेला, फक्त जरा जास्त उत्तरेकडे कललेला. वेळा मात्र अंगवळणी पडायला अवघड. जूनमध्ये साडेचारच्या आत सूर्य वर येतो, म्हणजे फजर तीनच्याही आधी सुरू होते. डिसेंबरात साडेचारला मगरिब. विमानतळांवर आणि टोकियो स्टेशनात नमाजची खोली आहे. इतर ठिकाणी बागेचा कोपरा किंवा जिन्याचा मधला टप्पा चालवून घेतो. नऊ वर्षांत कोणी हटकलं नाही. एकदा एक पहारेकरी आला, सलाम फिरेपर्यंत थांबला आणि मग विचारलं, "तब्येत ठीक आहे ना?" रमजानमध्ये कामाच्या ठिकाणी दरवर्षी तोच संवाद होतो: "पाणीसुद्धा नाही?" पाणीसुद्धा नाही. मग दिवसभर आमच्यासमोर चहा पिताना लोक अवघडतात आणि त्यांचीच समजूत आम्हाला घालावी लागते.

जुम्याला आणि ईदला आम्ही बहुधा योयोगी-उएहारा इथल्या टोकियो जामी मशिदीत जातो. रशियातून परागंदा झालेल्या तातार मुसलमानांनी ती १९३८ मध्ये उभी केली. ती जीर्ण झाल्यावर १९८६ मध्ये पाडली आणि आजची देखणी तुर्की इमारत २००० साली खुली झाली. पण इथल्या मुसलमानांची गोष्ट त्याच्याही मागे जाते. भोपाळचे मौलवी बरकतुल्लाह १९०९ मध्ये टोकियोत आले आणि इथल्या परदेशी भाषांच्या सरकारी शाळेत हिंदुस्तानी शिकवू लागले. उर्दू शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला हे वाचून छाती फुगवावीशी वाटते.

प्रवासाबद्दल गावाकडे एक गैरसमज आहे. पर्यटकांना रेल्वेचा खास पास मिळतो, तो इथे राहणाऱ्यांना मिळत नाही. त्यामुळे बुलेट ट्रेन आम्हाला पूर्ण भावात पडते आणि आम्ही पुष्कळदा रात्रीच्या बसने जातो. कोबेला मात्र ट्रेननेच गेलो, पावणेतीन तासांत. तिथली मशीद १९३५ ची, जपानमधली पहिली. बांधली एका चेक वास्तुकाराने, आणि पैसा उभा करण्यात मोठा वाटा हिंदुस्तानी मुसलमान व्यापाऱ्यांचा. १९४५ च्या बाँबफेकीत आजूबाजूचा भाग जळाला, १९९५ च्या भूकंपात शहर कोसळलं, मशीद दोन्ही वेळा उभी राहिली. तिथे जोहर पढताना मनात आलं, हे व्यापारी मेले तेव्हा त्यांना कुठे पुरलं असेल?

प्रश्न डोक्यात होताच. दहा वर्षं भरत आली की कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. गेल्या वर्षी घरात अर्जाची बोलणी सुरू झाली. आमच्यातला एक जण म्हणाला, "कागद गोळा करू या." दुसऱ्याने चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "इथेच राहायचं म्हणजे इथेच मरायचं. आणि मग?"

जपानमध्ये मृतांपैकी ९९.९ टक्क्यांहून अधिक लोकांचं दहन होतं. १९४८ चा कायदा दफनाला मनाई करत नाही, पण दफन परवानगी असलेल्या कब्रस्तानातच करावं लागतं, आणि नवं कब्रस्तान मंजूर करणं स्थानिक प्रशासनाच्या हाती असतं. टोकियोसारख्या शहरात ते जवळपास अशक्य. त्याच कायद्यात असंही आहे की मृत्यूनंतर चोवीस तास उलटल्याशिवाय दफनही नाही आणि दहनही नाही. मय्यत लवकरात लवकर मातीला लावावी असं लहानपणापासून ऐकलेल्या आम्हाला हे कलम पुन्हा पुन्हा वाचावं लागलं. मय्यत विमानाने गावी न्यायची तर शरीर टिकवण्यासाठी औषधं भरायची, दूतावासाचे कागद आणि मोठा खर्च. गंमत अशी की दफन जपानला परकं मुळीच नाही. १८७३ मध्ये इथल्या सरकारने उलट दहनावरच बंदी घातली होती, दोन वर्षांत ती उठवली. खेड्यांत त्यानंतरही कितीतरी दशकं लोक माती देत होते.

मुसलमानांची कब्रस्तानं देशभरात मोजकीच. आम्ही यामानाशी प्रांतातलं एन्झानचं पाहून आलो. शिंजुकूहून गाडीने दीड तास, दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे, मग डोंगराची चढण. जागा एका बौद्ध मंदिराला लागून आहे. अरबी अक्षरांशेजारी जपानी अक्षरं कोरलेले दगड, काही कबरी अगदी लहान, बाळांच्या. फातिहा पढून खाली उतरलो, आणि परतीच्या गाडीत बराच वेळ बोललो नाही.

यंदाच्या वसंतात बेप्पूला गेलो. क्यूशू बेटावरचं हे गाव गरम झऱ्यांसाठी प्रसिद्ध. सार्वजनिक हमामात सगळे विवस्त्र उतरतात, ते आपल्याला जमणारं नाही. पण तासाच्या भाड्याने कुटुंबापुरतं बंद दाराचं कुंड मिळतं, ते घेतलं. कान्नावा भागात जमिनीतून निघणाऱ्या वाफेवर स्वतः आणलेला जिन्नस शिजवता येतो. आम्ही अंडी, रताळी आणि मासा नेला, मीठ-मिरपूड घरची. नऊ वर्षांत बाहेर बसून इतक्या निर्धास्त मनाने जेवलेलं आठवत नाही.

बेप्पूला लागूनच हिजी नावाचं गाव आहे. बेप्पूत २००० पासून एक आंतरराष्ट्रीय विद्यापीठ आहे. मुसलमान विद्यार्थी आणि शिक्षक तिथे आले, मशीद झाली, मग कब्रस्तानाची गरज निर्माण झाली. तिथल्या संघटनेने हिजीत जमीन घेतली. गावकऱ्यांनी हरकत घेतली की झऱ्याचं पाणी दूषित होईल. मग गावाच्या मालकीच्या पर्यायी जागेची बोलणी निघाली आणि २०२३ मध्ये जवळच्या रहिवाशांशी समझोताही झाला. ऑगस्ट २०२४ च्या निवडणुकीत या व्यवहाराला विरोध करणारा उमेदवार जिंकला आणि त्याने जमीन विकायला नकार दिला.

इंटरनेटवर या प्रकरणी मुसलमानांबद्दल पुष्कळ विष ओकलं गेलं, ते आम्ही वाचलं. पण ज्याची भातशेती त्या पाण्यावर आहे, त्याची धास्ती आम्ही त्या विषाच्या खात्यात टाकणार नाही. आपल्या शहरांतसुद्धा कब्रस्तानाला नवी जागा मागितली की काय होतं ते आपण जाणतो. मुंबईत जुन्या कबरींच्याच जागी नव्या खोदतात. पाण्याची तपासणी करता येते, खोली आणि अंतर ठरवता येतं. कोणी शांतपणे समोर बसलं तर हा प्रश्न सुटण्यातला आहे, असं आम्हाला अजूनही वाटतं.

बेप्पूहून आणलेली मिठाई द्यायला शेजारच्या आजींकडे गेलो आणि हा विषय निघाला. आम्हाला वाटलं, त्यांना अशुभ वाटेल. त्या उठल्या, हिरवा चहा ओतला आणि म्हणाल्या, "माझीही तीच काळजी आहे." त्यांच्या यजमानांच्या अस्थी दूर गावच्या खानदानी कबरीत आहेत. मुलगा ओसाकाला, तिकडे झाडलोट करायला कोणी उरलं नाही. हल्ली पुष्कळ कुटुंबं गावची कबर मोडून अस्थी शहरात आणतात, त्याला 'हाकाजिमाई' म्हणजे कबर आवरणं असा शब्दच तयार झाला आहे. त्यासाठी मंदिराशी बोलणं आणि खर्चाची जुळवाजुळव आजींच्या मागे लागली होती. मग त्यांनी विचारलं, "तुमच्यात जाळायचं नाही, हे तुम्ही कुठे लिहून ठेवलंय का? अचानक काही झालं तर इस्पितळवाल्यांना कसं कळणार?"

लिहून ठेवलेलं नव्हतं. त्यांनीच वाण्याच्या पावतीमागे पेन्सिलीने मजकूर करून दिला, आम्ही तो पोस्टकार्डाच्या जाडीच्या कागदावर उतरवून काढला. आम्ही मुस्लिम आहोत, आमचं दहन करू नये, खालील मशिदीला कळवावं, आणि खाली फोन नंबर. एक कार्ड दरवाजाजवळच्या भूकंपाच्या पिशवीत आहे, पाण्याच्या बाटल्या, खजूर आणि लहान कुरआनशरीफ यांच्या सोबत. दुसरी दोन आमच्या पाकिटांत, वास्तव्याच्या कार्डामागे. चौथं आजींनी मागून घेतलं आणि फ्रिजवर लावलं, कचऱ्याच्या कॅलेंडरशेजारी. कायमच्या वास्तव्याचा अर्ज अजून टेबलावर आहे, त्यातला एक दाखला वॉर्ड ऑफिसातून आणायचा राहिला आहे.