विमान उडवायचा छंद आणि संसार: घरात आधी काय ठरवून ठेवावं?

क्रिकेटचं वेड असलेला माणूस रविवारी सामना आटोपला की घरी येतो. छोटं विमान उडवणाऱ्याचं तसं नसतं. सकाळी धुकं ओसरायची वाट पाहायची, मग विमान मोकळं व्हायची, तेवढ्यात वारा वाढतो. हाती लागतं जेमतेम तासभराचं उड्डाण, घरच्यांच्या लेखी मात्र अख्खा दिवस गेलेला असतो. भारतात खासगी वैमानिक परवान्यासाठी किमान ४० तासांचं उड्डाण लागतं. ऐकायला आठवड्याभराचं काम वाटतं, पण पावसाळा, सुट्ट्या आणि नोकरी सांभाळताना त्याला सहज वर्ष लागू शकतं. खर्च तर उघडच आहे. तरी पैशांचा हिशोब निदान कागदावर मांडता येतो. गेलेल्या रविवारांचा मांडता येत नाही.

मग मूल झालं की एक तडजोड होते: "सोडू नकोस, पण कमी उडव." ऐकायला समजूतदार, आणि नेमकी हीच फसवी आहे. हात बसलेला असणं ही विमानात सुरक्षिततेची मोठी बाजू असते. चार महिन्यांनी एकदा उडवणारा माणूस धोका कमी करत नाही, उलट दर उड्डाणाचा धोका वाढवतो. अमेरिकेत म्हणूनच नियम आहे की गेल्या ९० दिवसांत किमान ३ उड्डाणं आणि ३ लँडिंग केली नसतील, तर प्रवासी सोबत नेता येत नाहीत. आमच्या मते त्यापेक्षा दोन-तीन वर्षं पूर्ण थांबावं आणि परतताना प्रशिक्षकासोबत हात साफ करून घ्यावा. तेवढा वेळ काढता येत असेल, तर नियमित उडवावं. अधलंमधलं काही नको.

दुसरी गोष्ट घरच्यांना दिलेल्या शब्दाची. जॉन एफ. केनेडी ज्युनियर १६ जुलै १९९९ ला चुलत बहिणीच्या लग्नाला निघाले होते. सोबत पत्नी कॅरोलिन आणि मेव्हणी लॉरेन, तिला वाटेत मार्थाज व्हिनयार्ड बेटावर सोडायचं होतं. निघायला उशीर झाला, अंधार पडला, समुद्रावर धूसर हवा होती. फक्त यंत्रांवर विसंबून उडवण्याची पात्रता त्यांच्याकडे नव्हती. काळोखात दिशेचं भान सुटलं आणि विमान समुद्रात कोसळलं, तिघेही गेले. चौकशीत कारण निघालं ते हेच, भान सुटल्याने ताबा गेल्याचं. लग्नाची ओढ किती कारणीभूत होती हे कोणी सांगू शकत नाही. पण "सगळे वाट बघतायत" हे वाक्य वैमानिकाच्या डोक्यात किती जोरात वाजतं, हे या क्षेत्रातल्या कोणालाही विचारा.

म्हणून छंदाच्या विमानाने लग्नाला, बारशाला जायचा बेत असेल, तर गाडीचा किंवा रेल्वेचा पर्याय आधीच ठरलेला हवा. घरून "कधी पोचतोस?" असा फोन येऊ नये. आणि सोबत बसणाऱ्याने "आज नको" म्हटलं, तर त्यावर वाद नाही.

जोडीदाराला आवड नसेल तर ओढून न्यायची गरज नाही, पण काय चाललंय हे कळलं की भीती बरीच उतरते. अमेरिकेतल्या छोट्या विमानधारकांच्या 'एओपीए' या संघटनेने वैमानिकाशेजारी बसणाऱ्यांसाठी 'पिंच हिटर' नावाचा अभ्यासक्रमच काढला होता: वैमानिकाला काही झालं तर रेडिओवर बोलायचं कसं आणि विमान उतरवायचं कसं.

घरच्यांची साथ असली की काय होतं, याचं आपल्याकडचं उदाहरण सरला ठकराल यांचं. १९३६ साली, २१ व्या वर्षी, त्यांनी साडी नेसून जिप्सी मॉथ एकटीने उडवलं. तेव्हा त्यांना चार वर्षांची मुलगी होती. पती स्वतः वैमानिक होते, प्रोत्साहन घरातूनच होतं. १९३९ साली विमान अपघातात पती गेले. पुढे महायुद्धामुळे व्यावसायिक परवान्याचं प्रशिक्षणही थांबलं आणि सरलाबाई चित्रकला व डिझाइनकडे वळल्या.

शेवटची बाब रुक्ष, पण टाळू नये अशी. अनेक विमा योजनांच्या अपघाती मृत्यूच्या जोड-संरक्षणात तिकीट काढून केलेला विमानप्रवास चालतो, स्वतः विमान उडवणं मात्र वगळलेलं असतं. पॅराग्लायडिंगचंही बहुधा तेच. कामशेतला उडी मारण्याआधी पॉलिसीची ती बारीक अक्षरातली पानं नवरा-बायकोने एकत्र बसून वाचावीत आणि छंद विमा कंपनीला लेखी कळवावा.