बॅटरीला ऊन सोसत नाही

घोडबंदर रोडवर मानपाडा, वाघबीळ, कासारवडवलीच्या नव्या इमारतींत घराचा ताबा मिळाला की लगेच फर्निचरचं काम निघतं. सुताराच्या हाती हल्ली बिनवायरचं ड्रिल असतं आणि त्याचा सगळा जीव बॅटरीत. १८ व्होल्टच्या पॅकमध्ये ३.६ व्होल्टचे ५ लिथियम-आयन सेल एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्टपर्यंत जातो. म्हणून काही खोक्यांवर ‘२० व्होल्ट मॅक्स’ छापलेलं दिसतं; ताकद तीच, फक्त मोजलेली वेळ वेगळी.

या सेलना उष्णता मारते. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत पॅक ठेवू नका. काँक्रीटला भोकं पाडून तापलेला पॅक थंड झाल्याशिवाय चार्जरला लावू नका. फुगलेला किंवा पाण्यात पडलेला पॅक तर पुन्हा चार्ज करूच नये, आत शॉर्टसर्किट होऊन आग लागू शकते. सुटा पॅक स्क्रू-खिळ्यांच्या डब्यात टाकणंही तितकंच धोक्याचं. पावसाळ्यात खाडीकडची दमट हवा टोकांवर गंज चढवते. काम नसेल तेव्हा पॅक निम्मा चार्ज करून कोरड्या कपाटात ठेवा.

बिट बदलताना आधी बॅटरी काढा. डोळ्यांना चष्मा हवाच, पण सैल बाही आणि सुती हातमोजे नकोत, फिरत्या बिटात ते गुंडाळले जातात. ड्रिलला वायर नसली तरी भिंतीत ती असते: स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, आणि शंका असेल तर मेन स्विच बंद करा.